आधी पाकीट तोला, मग फॉरएव्हर तिकिटे घ्या : अमेरिकेतून लग्नपत्रिका टपालाने पाठवण्याची पद्धत

अमेरिकेत टपालाचे दर वाढणार असे जाहीर झाले, की घरात लग्न किंवा मुंज ठरलेली मंडळी पहिली धाव तिकिटांकडे घेतात. ‘फॉरएव्हर’ तिकीट आजच्या भावाने घेऊन ठेवले तर ते दरवाढीनंतरही चालते, हे सर्वांना ठाऊक असते आणि ते खरेही आहे. परंतु ते नेमके कशासाठी चालते याकडे लक्ष न दिल्यामुळे काही पत्रिका अपुऱ्या तिकिटामुळे परत येतात, तर काहींवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त तिकीट चिकटवले जाते. चूक बहुधा क्रमाची असते. आधी तिकिटे, मग छपाई, मग पाकिटे आणि अगदी शेवटी वजन, हा सर्रास पाळला जाणारा क्रम उलटा करावयास हवा.

हिशेब मांडून पाहिला की हे पटते. १३ जुलै २०२५ रोजी एक औंसाच्या (सुमारे २८ ग्रॅमच्या) साध्या पत्राचा दर ७३ सेंटवरून ७८ सेंट झाला. ज्यांनी आदल्या दिवशी दीडशे तिकिटे घेऊन ठेवली, त्यांचे साडेसात डॉलर वाचले. त्याच मंडळींनी दिसायला छान म्हणून चारी बाजू सारख्या असलेले चौकोनी पाकीट निवडले असेल, तर त्यांना दर पाकिटामागे ४९ सेंटचा अधिभार, म्हणजे दीडशे पाकिटांना साडेत्र्याहत्तर डॉलर भरावे लागले. दरवाढ चुकवून जे वाचते, त्याच्या जवळजवळ दहापट पाकिटाच्या आकारापायी जाऊ शकते.

या लेखातील सर्व आकडे १३ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या दरांचे आहेत. प्रत्यक्ष खरेदी करताना यूएसपीएसच्या, म्हणजे अमेरिकी टपाल खात्याच्या, संकेतस्थळावर त्या दिवसाचा दर पाहावा आणि खालील बेरजा नव्या आकड्यांनी करून घ्याव्यात. पद्धत तीच राहते.

१. घरातील जुनी तिकिटे वेगळी करा

नवी तिकिटे घेण्यापूर्वी खणात पडलेली तिकिटे टेबलावर काढावीत आणि प्रत्येकावर काय छापले आहे ते वाचावे. भारतात तिकिटावर रुपयांचा आकडा असतो आणि तेवढीच त्याची किंमत असते. त्या सवयीने अमेरिकी तिकीट पाहणाऱ्याचा गोंधळ होतो, कारण त्यावर बहुधा आकडाच नसतो.

साध्या फॉरएव्हर तिकिटाची किंमत म्हणजे एक औंसाच्या साध्या देशांतर्गत पत्राचा आजचा दर. ते कधी आणि कितीला घेतले याला महत्त्व नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये निघालेले पणतीचे चित्र असलेले दिवाळीचे तिकीट तेव्हा ४७ सेंटला मिळत होते. आपल्यापैकी अनेकांनी ते हौसेने घेऊन ठेवले आहे. ते आज ७८ सेंटचे तिकीट म्हणून चालते. मात्र ‘आजचा दर’ हे बंधन दोन्ही बाजूंनी आहे. एप्रिल २०१६ मध्ये दर ४९ सेंटवरून ४७ सेंटवर उतरला, तेव्हा ४९ सेंटला घेतलेल्या फॉरएव्हर तिकिटाची किंमतही ४७ सेंटच धरली गेली.

खरी फसगत होते ती फॉरएव्हरच्या आधीच्या काळातील आकडा नसलेल्या तिकिटांमुळे. पहिले फॉरएव्हर तिकीट एप्रिल २००७ मध्ये आले. त्यापूर्वी दर बदलण्याच्या सुमारास आकड्याऐवजी इंग्रजी अक्षर छापलेली तिकिटे काढली जात. त्यांची किंमत कायमची ठरलेली आहे : ‘ए’ १५ सेंट, ‘बी’ १८, ‘सी’ २०, ‘डी’ २२, ‘ई’ २५, ‘एफ’ २९, ‘जी’ ३२ आणि ‘एच’ ३३ सेंट. ही तिकिटे आजही वापरता येतात, पण छापील अक्षरामागच्या किमतीनेच. नुसते ‘फर्स्ट-क्लास’ असे लिहिलेल्या जुन्या तिकिटांनाही हाच नियम लागू आहे. ‘प्रीसॉर्टेड’ लिहिलेली तिकिटे मात्र घाऊक टपालाची असल्यामुळे बाजूला ठेवावीत.

फॉरएव्हर हा शब्द एकाच प्रकारच्या तिकिटावर असतो असेही नाही. पोस्टकार्डाचे, वाढीव औंसाचे, दोन औंसांचे, टपालाची वर्गवारी करणाऱ्या यंत्रात न जाणाऱ्या पाकिटाचे आणि परदेशी पत्राचे अशी निरनिराळी फॉरएव्हर तिकिटे मिळतात. प्रत्येकाची किंमत त्या त्या सेवेच्या आजच्या दराएवढी असते. परदेशी पत्राचे ‘ग्लोबल’ तिकीट गोल असते, त्यामुळे ते लगेच ओळखू येते. पोस्टकार्डाचे तिकीट मात्र साध्या तिकिटासारखेच दिसते आणि नेमके तेच घाईत पाकिटावर जाते.

तपासणी : तिकिटांचे तीन गठ्ठे झाले पाहिजेत. साधी फॉरएव्हर, इतर प्रकारची फॉरएव्हर आणि ठरावीक किमतीची. तिसऱ्या गठ्ठ्यातील प्रत्येक तिकिटाची किंमत पेन्सिलीने कागदावर लिहून ठेवावी, म्हणजे पुढे कमी पडणारे सेंट भरून काढायला ती उपयोगी पडतात.

२. छपाईपूर्वी एक पूर्ण नमुना पाकीट तयार करा

पूर्ण याचा अर्थ खरोखर पूर्ण. मुख्य पत्रिका, हळद आणि सीमांतपूजनाचे वेगळे पान, स्वागत समारंभाचे कार्ड, उत्तराचे कार्ड, त्याचे तिकीट लावलेले छोटे पाकीट, आणि आजी आग्रहाने घालायला लावणार आहेत ती अक्षतांची पुडीसुद्धा. छापखान्याकडून एक कोरा नमुना मागावा. त्याच जाडीचा कागद आणि तेच पाकीट मिळाल्याशिवाय पुढील टप्प्याला अर्थ नाही.

अक्षतांबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या पत्रिका अडकतात त्या इथे. टपालाची वर्गवारी करणाऱ्या यंत्रांतून पाकीट रुळांमध्ये दाबले जाऊन वेगाने वाकत जाते. चिमूटभर तांदूळ एका कोपऱ्यात जमले की पाकिटाची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. ते यंत्रात अडकू शकते, फाटू शकते, आणि अशा पाकिटाला नियमाप्रमाणे यंत्रात न जाणारे टपाल समजून अधिभार लावला जातो. पत्रिकेवर उठावदार धातूचा गणपती, मणी, लाखेची मुद्रा किंवा बाहेरून बांधलेली रेशमी फीत असेल तर तोच प्रकार. अक्षता घालायच्याच असतील तर दोन-चार दाणे कार्डाच्या आतील बाजूस गोंदाने विरळ चिकटवावेत. माझे मत विचाराल तर टपालाने जाणाऱ्या पत्रिकेत त्या घालूच नयेत आणि जवळच्यांना हाती दिल्या जाणाऱ्या पत्रिकेसाठी राखून ठेवाव्यात.

सावधान : सुटे हळदकुंकू पाकिटात मुळीच घालू नये. पाकिटातून अनोळखी पूड सांडली की टपाल कर्मचारी ती धोकादायक असल्याची शंका घेतात आणि तसे करणे त्यांच्या कामाचाच भाग आहे. शकुन म्हणून कुंकू लावायचे असेल तर ओल्या गंधाचे बोट पत्रिकेच्या आतल्या कोपऱ्याला लावावे आणि ते पूर्ण वाळल्यावरच पत्रिका पाकिटात घालावी. पाकिटाच्या बाहेर काहीही लावू नये.

३. आधी मापे, मग वजन

साध्या पत्राच्या दरात बसण्यासाठी पाकिटाची उंची साडेतीन ते सव्वासहा इंचांच्या किंचित आत (नेमकी कमाल ६ १/८ इंच), लांबी पाच ते साडेअकरा इंच आणि जाडी जास्तीत जास्त पाव इंच असावी लागते. यापैकी एकही माप ओलांडले की ते पत्र न राहता मोठे पाकीट ठरते आणि त्याचा दर वेगळा, बराच चढा असतो.

मापे बरोबर असूनही अधिभार लागतो तो लांबी आणि उंचीच्या प्रमाणामुळे. लांबीला उंचीने भागल्यावर उत्तर १.३ पेक्षा कमी किंवा २.५ पेक्षा जास्त आले, तर पाकीट यंत्रात न जाणारे ठरते. चौकोनी पाकिटाचे उत्तर १ येते, म्हणून ते नेहमीच अधिभारात जाते. साडेसात बाय सहा इंचाचे पाकीट चौकोनी दिसत नाही, पण त्याचे उत्तर १.२५ येते आणि तेही अडकते. सव्वासात बाय सव्वापाच इंचाचे पाकीट मात्र १.३८ मुळे सुटते.

यात आणखी एक खाच आहे. टपाल खात्याच्या लेखी ‘लांबी’ म्हणजे पत्त्याच्या ओळींना समांतर असलेली बाजू. उभ्या पत्रिकेला शोभावा म्हणून पाकीट उभे धरून आखूड बाजूला समांतर पत्ता लिहिला, तर तेच सव्वासात बाय सव्वापाचचे पाकीट नियमाच्या बाहेर जाते, कारण आता लांबी सव्वापाच आणि उंची सव्वासात झाली. पत्रिका आत उभी असो वा आडवी, पत्ता पाकिटाच्या लांब बाजूला समांतरच लिहावा. हा फुकटचा उपाय आहे आणि तो फारच थोड्यांना ठाऊक असतो.

आता वजन. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. साध्या पातळ कागदाचे चार ताव आणि पाकीट मिळून साधारण तेवढे होते, परंतु जाड पुठ्ठ्याच्या दोन-तीन पानी पत्रिकेने ही मर्यादा सहज ओलांडली जाते. स्वयंपाकघरातील डिजिटल काटा चालतो, मात्र तो एक ग्रॅमपर्यंत अचूक हवा. नमुना पाकीट बंद करून, तिकिटे आणि पत्त्याच्या चिकटपट्टीसह तोलावे. काटा २७ किंवा २८ ग्रॅम दाखवत असेल तर निश्चिंत होऊ नये. पावसाळी हवेत कागद ओल धरतो आणि छपाईच्या शाईचेही वजन असते, त्यामुळे अशा सीमेवरच्या पाकिटाला एक पान कमी करावे किंवा दोन औंसांचे तिकीट लावावे.

तपासणी : नमुना पाकीट घेऊन पोस्टाच्या खिडकीवर जावे आणि तिथे मोजून घ्यावे. अधिभार लागेल का, हेही स्पष्ट विचारावे. जमल्यास योग्य तिकीट लावून तेच पाकीट स्वतःच्या पत्त्यावर पाठवावे. ते कोणत्या अवस्थेत परत घरी येते त्यावरून पाहुण्यांच्या हाती काय पडणार ते कळते.

४. एका पाकिटाची बेरीज कागदावर मांडा

देशांतर्गत साध्या पत्राला पहिल्या औंसासाठी ७८ सेंट आणि त्यापुढील प्रत्येक औंसासाठी, किंवा औंसाच्या भागासाठी, २९ सेंट लागतात. साडेतीन औंसांपुढे पत्राचा दर संपतो. यंत्रात न जाणाऱ्या पाकिटाचा अधिभार ४९ सेंट आहे आणि तो वजनाच्या दराव्यतिरिक्त भरावा लागतो.

यातून चार नेहमीच्या बेरजा निघतात. साधे, एक औंसापर्यंतचे पाकीट : ७८ सेंट, म्हणजे एक फॉरएव्हर. साधे, दोन औंसांचे : १ डॉलर ७ सेंट. चौकोनी, एक औंसापर्यंतचे : १ डॉलर २७ सेंट. चौकोनी, दोन औंसांचे : १ डॉलर ५६ सेंट.

शेवटच्या आकड्याकडे नीट पाहावे. तो नेमका दोन साध्या फॉरएव्हर तिकिटांएवढा आहे, म्हणून तिथे दोन तिकिटे लावली तर एक सेंटही वाया जात नाही. पण अनेक जण ‘जड आहे, लावा दोन’ असे म्हणून दोन औंसांच्या साध्या पाकिटावरही दोन फॉरएव्हर लावतात. तिथे दर पाकिटामागे ४९ सेंट फुकट जातात आणि दीडशे पाकिटांना पुन्हा तेच साडेत्र्याहत्तर डॉलर होतात. अशा पाकिटासाठी दोन औंसांचे फॉरएव्हर तिकीट घ्यावे किंवा एका साध्या तिकिटाला वाढीव औंसाचे तिकीट जोडावे.

उत्तराच्या पाकिटाचा खर्च वेगळा धरावा. त्यावर साधे फॉरएव्हर लावणे उत्तम, कारण उत्तर यायला दोन-तीन महिने लागले आणि दरम्यान दर वाढला तरी ते तिकीट अपुरे ठरत नाही. फॉरएव्हर तिकिटाचा पत्रिकेतील सर्वांत खरा उपयोग मला इथेच वाटतो; आपण आज टाकणार असलेल्या बाहेरच्या पाकिटाला ठरावीक किमतीची तिकिटेही तितकीच चालतात.

५. खरेदी : कधी, कुठे आणि किती

गेल्या काही वर्षांत टपालाचे दर जानेवारी किंवा जुलै महिन्यात वाढले आहेत आणि वाढीची घोषणा काही आठवडे आधी होते. नवा दर बहुधा रविवारी लागू होतो, त्यामुळे आदल्या शनिवारी खिडकीवर रांग लागते आणि हवी ती नक्षी संपलेली असते. बेरीज हाती आली की त्याच आठवड्यात खरेदी उरकावी.

पाहुण्यांची यादी घरांप्रमाणे मोजावी, माणसांप्रमाणे नव्हे. त्यात चुकलेल्या पत्त्यांसाठी आणि ऐनवेळी आठवणाऱ्या नातलगांसाठी दहा टक्के वाढ धरावी. यापेक्षा मोठा साठा करण्यात अर्थ नाही. दर वाढला तरी तिकिटामागे काही सेंटच वाचतात आणि टपाल खाते तिकिटे परत घेऊन रोख पैसे देत नाही. तिकीट हे गुंतवणुकीचे साधन नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

सावधान : समाजमाध्यमांवरील जाहिरातींत आणि अनोळखी संकेतस्थळांवर शंभर फॉरएव्हर तिकिटांची गुंडाळी निम्म्या किमतीत दिसते. तिची खरी किंमत ७८ डॉलर आहे; चाळीस डॉलरना मिळणारी गुंडाळी बनावट असण्याचीच शक्यता जास्त. बनावट तिकीट आढळलेले टपाल बेवारस समजून टपाल खाते त्याची विल्हेवाट लावू शकते. पत्रिका परत येत नाही आणि पोहोचतही नाही, त्यामुळे नुकसान झाल्याचे कळते तेही लग्न झाल्यावर. तिकिटे पोस्टातून, यूएसपीएसच्या संकेतस्थळावरून किंवा कॉस्टको, वॉलग्रीन्स यांसारख्या नेहमीच्या दुकानांतूनच घ्यावीत.

६. चिकटवणे आणि पत्ता

तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात लावावे, आणि एकापेक्षा जास्त असतील तर डावीकडे एका ओळीत सरकत जावे. तिकीट निघू नये म्हणून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावणे ही हमखास होणारी चूक आहे. चिकटपट्टीखालचे तिकीट वैध धरले जात नाही. दुसऱ्या पत्रावरून आलेले, शिक्का न पडलेले तिकीट काढून पुन्हा वापरणे तर कायद्याने गुन्हा आहे.

पाकिटाचा उजवा खालचा भाग, साधारण पाऊण इंच उंच आणि पाच इंच लांब, पूर्ण कोरा ठेवावा. तिथे यंत्र बारकोड छापते. गणपतीची सोनेरी नक्षी किंवा ‘शुभविवाह’ ही अक्षरे नेमकी तिथे येत असतील तर छापखान्याला ती डावीकडे किंवा मागच्या बाजूस घ्यायला सांगावे. गडद मरून पाकिटावर सोनेरी शाईने लिहिलेला पत्ता यंत्राला वाचता येत नाही, म्हणून पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या अक्षरांत पत्ता छापून लावावा. पाठवणाऱ्याचा पत्ता डाव्या वरच्या कोपऱ्यात हवाच. तो नसेल तर तिकीट अपुरे पडलेले पाकीट परत यायलाही वाट उरत नाही.

७. भारतात जाणारी पाकिटे वेगळी बांधा

भारतातील नातलगांच्या पत्रिका पहिल्यापासून वेगळ्या ढिगात ठेवाव्यात. एक औंसापर्यंतच्या परदेशी पत्राला १ डॉलर ७० सेंट लागतात आणि एक ग्लोबल फॉरएव्हर पुरते. ते हाताशी नसेल तर दोन साधी फॉरएव्हर मिळून १ डॉलर ५६ सेंट होतात आणि १४ सेंट कमी पडतात; पहिल्या टप्प्यात वेगळ्या काढलेल्या ठरावीक किमतीच्या तिकिटांचा उपयोग इथे होतो. एक औंसापुढील वजनाचा दर खिडकीवर विचारून घ्यावा. आकारामुळे लागणारा अधिभार परदेशी पत्रालाही लागतो.

परदेशी पत्राच्या दरात फक्त कागदपत्रे पाठवता येतात. अक्षता, राखी, सुपारी, चांदीचे नाणे या सर्व वस्तू ठरतात, आणि वस्तू असलेले पाकीट सीमाशुल्काचा अर्ज भरून पार्सलच्या दरानेच पाठवावे लागते. श्रावणात साध्या पाकिटात ग्लोबल तिकीट लावून राखी पाठवण्याची पद्धत अनेक घरांत रुळली आहे, पण ती नियमाला धरून नाही.

भारतातील पाहुण्यांना तिकीट लावलेले उत्तराचे पाकीट पाठवू नये. अमेरिकेचे तिकीट, फॉरएव्हर असले तरी, भारतीय टपालात चालत नाही. त्याऐवजी उत्तरासाठी दूरध्वनी क्रमांक द्यावा. पत्ता रोमन लिपीत लिहावा, पिन कोड न विसरता घालावा आणि शेवटच्या ओळीत फक्त देशाचे नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे. मराठीतही पत्ता हवा असेल तर रोमन लिपीतील गाव, राज्य आणि देशासोबत तो लिहायला हरकत नाही. साध्या परदेशी पत्राचा माग काढता येत नाही, म्हणून ही पाकिटे अमेरिकेतील पाकिटांच्या बऱ्याच आधी टाकावीत.

८. पाकिटे टाकणे आणि उरलेली तिकिटे

सर्व पाकिटे एकाच वेळी रस्त्यावरच्या टपालपेटीत कोंबण्यापेक्षा पोस्टात नेऊन द्यावीत. काही कार्यालये विनंती केल्यास हाताने शिक्का मारून देतात आणि त्यामुळे पाकीट छान राहते, परंतु हाताने शिक्का मारला म्हणून अधिभार माफ होत नाही. दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत.

उरलेली फॉरएव्हर तिकिटे कोरड्या जागी, मूळ कागदावरच ठेवावीत. ब्रिटनमधील नातलगांना मात्र हा सल्ला जसाच्या तसा देऊ नये. तिथेही किमतीऐवजी ‘फर्स्ट’ किंवा ‘सेकंड’ वर्ग छापलेली तिकिटे आहेत, पण राजा-राणीच्या चित्राची बारकोड नसलेली नेहमीची तिकिटे ३१ जुलै २०२३ नंतर चालेनाशी झाली आणि ती रॉयल मेलकडे पाठवून बारकोड असलेली बदलून घ्यावी लागतात. विशेष प्रसंगांची चित्रमय तिकिटे या नियमातून वगळलेली आहेत. कॅनडात ‘पी’ अक्षराची तिकिटे अमेरिकेतल्या फॉरएव्हरसारखीच आजच्या दराने चालतात.

अमेरिकेत उरलेली तिकिटे आभारपत्रांना वापरता येतात आणि पार्सललाही, आजच्या किमतीने मोजून, लावता येतात. मात्र तिकिटे लावलेले दहा औंसांपेक्षा जड किंवा अर्ध्या इंचापेक्षा जाड पाकीट टपालपेटीत टाकले तर ते परत येते. ते खिडकीवर कर्मचाऱ्याच्या हातीच द्यावे लागते.